भिंतीवर आईचं चित्र कुठाय?

आम्ही पवनारच्या बाया, धाम नदीच्या काठावरून बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आम्ही शेळ्यांबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचंय चित्राबद्दल. आपल्या घरची माणसं, आपलं गाव, आपलं वावर आपल्याच हातानं कागदावर कसं उतरवायचं, आणि ते का उतरवायचं, हे सांगायचंय.

आधी एक काम करा. जिथं बसून ऐकताय किंवा वाचताय, तिथूनच घराच्या भिंतीकडे पाहा. देवांचे फोटो असतील. हार घातलेले सासरे असतील. पोराचा शाळेतला सत्कार असेल. सासूबाई कुठं आहेत? आजी कुठं आहे? तुमची स्वतःची आई?

पुष्कळ घरांत उत्तर एकच येतं. बाई गेली की धावपळ सुरू होते. तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे. मग पेटीतून आधार कार्ड निघतं. तो फोटो काढताना तिला सांगितलेलं असतं, सरळ बघा, हसू नका, पदर मागं घ्या. नखाएवढा तो चेहरा मोठा करायला स्टुडिओत देतात. मोठा केला की तो धुरकट होतो. मग स्टुडिओवाला संगणकावर मागं निळं आभाळ लावतो, कधी दुसऱ्याच कुणाची भरजरी साडी तिच्या खांद्यावर चढवतो, वरून चेहरा गोरा करतो. जन्मभर जी कधी अशी दिसली नाही ती बाई भिंतीवर लागते. नातवंडं विचारतात, ही कोण?

हे घडू नये म्हणून आम्ही काहीजणी जिवंत माणसांची चित्रं काढायला बसलो. आमच्यापैकी कुणीही चित्रकलेच्या शाळेत गेलेली नाही. दोघी-तिघींनी सातवीनंतर पेन्सिल धरली नव्हती. महिन्यातून एक दुपार आम्ही बसतो. त्यातून जे उमगलं ते आज सांगतोय.

हे आपल्याला जमेल का?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. आपण विसरतो की आपले हात लहानपणापासून चित्र काढतच आलेत. अंगणात सडा टाकून रांगोळी काढतो, ती ठिपके मोजून आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवून. नागपंचमीला भिंतीवर नाग काढतो. भुलाबाईला आरास करतो. गोधडी शिवताना कुठल्या रंगाशेजारी कुठला तुकडा बसेल हे डोळाच ठरवतो. ज्या हाताला हे येतं, त्याला कागदावर रेघ ओढता येत नाही असं होत नाही. भीती वाटते ती कागदाची, कारण कागद म्हटला की परीक्षा आठवते.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. सेवाग्रामला बापू कुटी पाहायला आपण जातो, पाहुण्यांना घेऊन जातो. पुढच्या वेळी तिथल्या मातीच्या भिंतीकडे नीट पाहा. त्यावर मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत, ॐ आहे. ते काम मीराबहेनचं. या बाई मूळच्या इंग्लंडच्या, नाव मॅडेलिन स्लेड. १९२५ मध्ये त्या गांधीजींकडे आल्या. त्या काही नावाजलेल्या चित्रकार नव्हत्या. सूत कातायचं, दुखणाईतांची सेवा करायची, गावात सफाई करायची, हे त्यांचं रोजचं काम. तरी भिंत लिंपताना त्यांना बाहेरचं झाड आत आणावंसं वाटलं. माती तीच, हात तेच.

दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातलं. उमरिया जिल्ह्यात लोढा नावाचं गाव आहे. तिथल्या जोधइया बाई बैगा. नवरा लवकर गेला, मजुरी करून, जंगलातली लाकडं विकून त्यांनी पोरं वाढवली. हातात ब्रश आला तेव्हा त्या सत्तरीच्या आसपास होत्या. गावातल्या एका कलाशिक्षकानं बसवलं, म्हणाला काढून बघा. त्यांनी त्यांचं जंगल काढलं, जनावरं काढली, बैगा लोकांचे देव काढले. ती चित्रं परदेशापर्यंत गेली आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ च्या डिसेंबरात त्या वारल्या.

तिसरी बाई लांबची, अमेरिकेतली, पण गोष्ट आपल्या घरातली वाटावी अशी. अ‍ॅना मेरी मोझेस, शेतकऱ्याची बायको. जन्म १८६०. दहा बाळंतपणं झाली, पाच लेकरं जगली. म्हातारपणी त्या लोकरीनं भरतकाम करून चित्रं करत. सांधे दुखायला लागले, सुई धरवेना, तेव्हा बहिणीनं सुचवलं की ब्रश धरायला सोपा जाईल. वय पंचाहत्तरीच्या पुढं. त्यांनी एकदा गावच्या जत्रेत जॅमही ठेवला आणि चित्रंही ठेवली. जॅमला बक्षीस मिळालं, चित्रांकडे कुणी पाहिलं नाही. १९३८ मध्ये औषधाच्या दुकानाच्या काचेत लावलेली त्यांची चित्रं एका जाणकाराच्या नजरेस पडली आणि त्यानं ती विकत घेतली. १९४० मध्ये न्यूयॉर्क शहरात त्यांचं प्रदर्शन झालं. बर्फ पडलेलं गाव, झाडाच्या रसाचा गूळ करणारी माणसं, धुणं-भांडी, पाव्हणे, हेच सारं त्यांनी काढलं. १०१ वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

ही नावं सांगितली म्हणजे आपल्यालाही पुरस्कार मिळतील असं म्हणायचं नाही. या बायांनी काय काढलं ते पाहा. त्यांनी त्यांच्या डोळ्यासमोरचंच काढलं. राजवाडे काढले नाहीत, परदेशातले डोंगर काढले नाहीत. डोळ्यासमोरचं तर आपल्याकडेही आहे.

सामान काय लागतं?

फार काही लागत नाही. जाड ड्रॉइंग शीट, एक मऊ पेन्सिल, खोडरबर, दोन ब्रश, एक जाड आणि एक बारीक. पोस्टर कलरच्या पाच बाटल्या घ्या: लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि तपकिरी. बाकीचे रंग यातूनच होतात. काळा रंग सुरुवातीला घेऊच नका. काळा हाताशी असला की जिथं तिथं तोच लागतो आणि चित्र मळकट दिसतं. गटानं मिळून एक संच घेतला तर कुणावरच भार पडत नाही.

दुकानातले रंग नकोत त्यांना घरचेही करता येतात. गेरू, पिवळी माती, पांढऱ्यासाठी खडूची भुकटी आणि दिव्याची काजळी. गेरू पाट्यावर अगदी बारीक वाटायचा, पातळ फडक्यातून गाळायचा. बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवायचा आणि सकाळी तोही गाळून घ्यायचा. मग दोन्ही एकत्र कालवायचं. वाळल्यावर बोट फिरवून पाहा. भुकटी बोटाला लागली तर डिंक कमी पडला. रंगाला भेगा गेल्या तर डिंक जास्त झाला. दोन-तीनदा करून पाहिलं की अंदाज येतो, भाजीतल्या मिठासारखा. हळदीचा पिवळा छान दिसतो, पण उन्हात उडून जातो. तो नको. खडूऐवजी चुना घ्यावासा वाटेल, पण चुना हात भाजतो, डोळ्यात गेला तर घात करतो. तोही नको.

गेरू-मातीचे रंग म्हणजे गरिबाचं काम असं वाटत असेल तर एक मोठी हकीकत ऐका. १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस यांना सजावटीसाठी बोलावलं. त्याच्या आधी, १९३६ मध्ये, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या अधिवेशनाची सजावटही त्यांनीच केली होती. हरिपुऱ्यासाठी नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे ४०० चित्रं केली. त्यांनी हातकागद घेतला, मातीचे रंग घेतले. काढलं काय? ढोल वाजवणारा, शिंपी, सुतार, कांडण करणाऱ्या बाया, लेकराला घेतलेली आई. देशभरातून पुढारी आले होते, आणि त्यांना येता-जाता दिसत होती ती खेड्यातली माणसं, आपापल्या कामात गढलेली. ती चित्रं आज देशाचा ठेवा म्हणून जपून ठेवली आहेत. तेव्हा हातकागद आणि गेरू यांना कमी समजू नका.

माणसाचं चित्र कसं काढायचं?

समोर बसवायचं माणूस आधी ठरवा. घरातलं सगळ्यात वयस्क माणूस घ्या. ते थांबणार नाही, म्हणून तेच आधी.

म्हातारी माणसं लगेच तयार होत नाहीत. आमच्यातल्या एकीच्या आजेसासूबाई म्हणाल्या, "मले काय पाहतं, सुरकुत्यायचं चित्र काढतं काय?" आग्रह केला नाही. त्यांच्या समोर तुरीच्या शेंगा ठेवल्या. त्या सोलायला बसल्या, आम्ही काढायला बसलो. थोड्या वेळानं त्यांनीच हात पुढं केला, म्हणाल्या, "हे गोंदण नीट काढजो." तेव्हापासून आम्ही ठरवलं की माणसाला नुसतं बसवायचं नाही. हातात काम द्यायचं. वाती वळू दे, तांदूळ निवडू दे. रिकामं बसलेलं माणूस अवघडतं, चेहरा आधार कार्डासारखा होतो.

बसवायचं दाराजवळ. उजेड एका बाजूनं येऊ दे. म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी अंधारी दिसते आणि नाक, गाल, हनुवटी कुठं वर आली कुठं खाली गेली हे कळतं. डोक्यावर बल्ब असला की चेहरा सपाट दिसतो. वीस मिनिटांच्या वर एका वेळी बसवू नका. पाठ दुखते.

आता मापं. ही चार ध्यानात ठेवा. डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंत चेहरा मोजला तर डोळे बरोबर मधोमध येतात. सगळ्याजणी ते वर, कपाळात काढतात, म्हणून चेहरा लहान मुलीनं काढल्यासारखा दिसतो. दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याएवढी जागा असते. डोळे आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर नाक संपतं. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत असतो. मोजायला खराट्याची काडी पुरे. हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, काडीवर अंगठ्यानं माप घ्यायचं आणि तेच प्रमाण कागदावर उतरवायचं.

सारखेपणा कशानं येतो? पापण्या मोजून येत नाही. गावातली बाई लांबून येताना तोंड दिसायच्या आधी आपण तिला ओळखतो. चालीवरून, मानेवरून, पदर घ्यायच्या ढबीवरून. चित्रातही तेच बघा. मान कुठं कलते, कुठला खांदा खाली आहे, कुंकू आडवं की गोल, लुगड्याचा काठ कपाळावर कुठं येतो. आधी हे काढा. नाक-डोळे मागून.

रंग कातडीचा

हा मुद्दा वेगळा सांगायला पाहिजे. रंगाच्या पेटीत "स्किन कलर" नावाची एक कांडी येते. ती गुलाबट असते. आपल्या घरात त्या रंगाचं कोण आहे? पोरं लहानपणापासून तीच कांडी घेऊन आईचं तोंड रंगवतात आणि त्यांच्या मनात बसतं की आईचा खरा रंग काढायचा नसतो.

आपला रंग असा करायचा. तपकिरी किंवा गेरू घ्या, त्यात पिवळा मिसळा, आणि ब्रशच्या टोकानं अगदी थोडा निळा. उजेडाच्या बाजूला पिवळा जास्त, अंधाऱ्या बाजूला निळा जास्त. उन्हात राबणाऱ्या बाईच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या हाडावर एक तांबूस चकाकी असते, तिथं थोडा लाल. रंग आधी कागदाच्या तुकड्यावर लावून तो तिच्या हाताशेजारी धरून पाहा. जुळला की चेहऱ्यावर लावा.

काहीजणी म्हणतील, "मले थोडी गोरी कर ना." आम्ही हसून नाही म्हणतो. काळ्या जमिनीला आपण भारी जमीन म्हणतो, तिचं मोल जास्त धरतो. मग त्याच रंगाचा चेहरा लपवायचा कशाला? चित्र झाल्यावर ते पाहून कुणी नाराज झालेली आम्हाला तरी अजून भेटली नाही.

गेलेल्या माणसाचं काय?

आई गेली आणि आधार कार्डच उरलं, अशा घरातही मार्ग आहे. तो फोटो मापांपुरता घ्या. बाकीचं माणसांकडून गोळा करा. तिला ओळखणाऱ्या दोघी-तिघींना बोलवा, तिची बहीण, जाऊ, शेजारीण. विचारा: लुगडं कुठल्या रंगाचं आवडायचं? नाकात काय होतं? बांगड्या किती? गोंदण कुठं होतं, काय होतं? बसताना पाय कसे घ्यायची? हातात नेहमी काय असायचं?

दोघींचं एकमत होणार नाही. एक म्हणेल हिरवं लुगडं, दुसरी म्हणेल जांभळं. होऊ द्या वाद. त्या वादात ती बाई पुन्हा घरात येऊन बसते. मुलींना आईबद्दल कधी न ऐकलेल्या गोष्टी कळतात. आणि चित्र झालं की मागं स्पष्ट लिहा, "आठवणीवरून काढलेलं."

गावाचं चित्र, वावराचं चित्र

पवनारला लांबून लोक येतात. १९३८ मध्ये विनोबाजी इथं राहायला आले. १९५९ मध्ये त्यांनी बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन धाम नदीत झालं आणि दरवर्षी १२ फेब्रुवारीला इथं मेळा भरतो. त्यामुळं नदी, छत्री, आश्रम यांचे फोटो पुष्कळ आहेत. पण ज्या खडकावर पिढ्यान्‌पिढ्या बाया धुणं धुतात त्याचा फोटो कुणी काढत नाही. ज्या बाभळीखाली डबा सोडतो ती बाभूळ कुणाच्या कॅमेऱ्यात नाही. ते आपण काढायचं.

काढायची रीत सोपी आहे. वरून खाली यायचं. मोझेसबाईंचीही तीच रीत होती, आधी आभाळ, मग डोंगर, मग झाडं-घरं, शेवटी माणसं. वरचं वाळतं तोवर खालचं सुचतं, आणि ओल्या रंगावर हात घासत नाही. लांबची झाडं फिकी आणि निळसर दिसतात, जवळची गर्द. ही एक गोष्ट केली की कागदाला खोली येते. खडक ओला असला की काळाभोर, वाळला की करडा. पाण्यात पडलेलं प्रतिबिंब खऱ्या झाडापेक्षा थोडं काळपट असतं. उन्हाळ्यात भर दुपारी रंगच उरत नाहीत, सगळं पांढरं पडतं. म्हणून सकाळी नाहीतर चारनंतर बसा.

ऋतू निवडून ठेवा. फाल्गुनात पानं गळालेला, नुसता केशरी पेटलेला पळस. श्रावणातली गढूळ, फुगलेली धाम. दिवाळीच्या आगेमागे फुटलेली पऱ्हाटी, वावर पांढरं. पहिल्या वेचणीच्या दिवशीचं सीतादही. पोळ्याला सजवलेले बैल, दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी ओढणारी पोरं.

आणि कामं काढा, जी डोळ्यादेखत चाललीत. बंडी आता किती घरी आहे? पाटा-वरवंटा रोज किती घरी वाजतो? जातं तर लग्नातल्या हळदीपुरतं उरलं. बैलाच्या मागं सरता धरून पेरणाऱ्या बाया आता किती वावरात दिसतात? ज्या बायांच्या हातांनी ही कामं केली त्या अजून आहेत. बारकावा चुकला तर त्या सांगतात. "खुंटा असा नसतो बाई, इकडून धरतात." चित्र काढताना कामाची माहितीही अशी गोळा होते, आणि वीस वर्षांनी तीच मोलाची ठरेल.

चित्राची मागची बाजू

आश्रमासाठी जमीन खणताना आमच्या गावात जुनी दगडी शिल्पं सापडली. राम आणि भरत यांच्या भेटीचं शिल्प त्यांतलंच. वाकाटक राजांच्या काळातली ती आहेत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. राजांची नावं आज पुस्तकात आहेत. दगडावर छिन्नी चालवणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

बायकांच्या हातच्या कामाचं तर नेहमीच असं झालं. वारली चित्रं बघा. पालघर-डहाणूकडे लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या सुवासिनींनी केलं. १९७० नंतर ही कला कागदावर आली, बाजारात गेली, जगभर पोचली. जिव्या सोमा मशे यांच्यासारखे थोर कलावंत पुढं आले, त्याचा आपल्याला अभिमानच आहे. पण त्याआधी भिंती रंगवणाऱ्या त्या शेकडो बायांपैकी एकीचं नाव आपल्याला सांगता येतं का?

म्हणून चित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं पाच गोष्टी लिहा. चित्रात कोण आहे, तिचं माहेर कुठलं, चित्र काढलं तेव्हा तिचं वय काय, तारीख, आणि काढणारीचं पूर्ण नाव. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" असं नको. तिचं स्वतःचं नाव. आमच्या गटात एका घरी असं झालं की आजीचं माहेरचं नाव मुलांनाच ठाऊक नव्हतं. लग्नात बदललेलं नावच सगळे सांगत होते. आजीनं पाळण्यातलं नाव सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्पच बसली. ते नाव आता चित्रामागं आहे.

आणखी एक नियम. ज्या बाईचं चित्र काढलं तिला आधी दाखवायचं. तिची परवानगी नसेल तर मोबाइलवर कुणाला पाठवायचं नाही.

जपायचं कसं?

चित्राचे शत्रू चार: ऊन, ओल, धूर आणि उदई. दारासमोरच्या भिंतीवर लावू नका, चुलीच्या खोलीत लावू नका. पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीला टेकवू नका. फ्रेम करताना काच आणि कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे पुठ्ठ्याची कडा ठेवायला सांगा. फ्रेमला पैसे नसतील तर दोन पुठ्ठ्यांच्या मधे चित्र ठेवून, सुती कापडात गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, म्हणजे चित्राला काही झालं तरी नोंद राहते.

वेळ, पैसा आणि घरचे

घरातून ऐकावं लागतं, "हे रिकामटेकडे धंदे कशाला?" वेळ आपल्यालाही सापडत नाही. वेचणीच्या दिवसांत तर श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा आम्हीही बसत नाही. पण महिन्याची एक दुपार गटाच्या बैठकीला जोडून घेतली तर निघते. बैठकीला जायला घरचे नाही म्हणत नाहीत, त्यातच अर्धा तास चित्राचा. आणि खरं सांगायचं तर पहिलं चित्र घरात लागलं की बोलणं थांबतं. आपल्या आईचं चित्र पाहून नाही म्हणणारा मुलगा विरळा.

यातून पैसे मिळतात का? कुणाला कुणाला मिळतील. लोक घरच्या म्हाताऱ्यांची चित्रं काढून मागतात. मागितली तर आधी भाव ठरवा. कागद, रंग, फ्रेम यांचा खर्च आणि आपले तास, दोन्ही धरा. तास फुकट धरायची सवय आपल्याला फार आहे. पण सुरुवातीलाच बाजाराकडे बघू नका. बाजार गोरी बाई मागेल, भरजरी साडी मागेल, आणि पुन्हा आपण स्टुडिओवाल्याच्याच वाटेला लागू. पहिली दहा चित्रं आपल्या घरची, आपल्या गल्लीतली काढा.

आता करायचं काय?

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं एक कागद आणि एक पेन्सिल आणायची. दोघी-दोघींनी समोरासमोर बसायचं आणि वीस मिनिटं एकमेकींना नीट बघायचं. किती वर्षांत आपल्याला कुणी असं वीस मिनिटं बघितलं नसेल! चित्र वेडंवाकडं येईल, हसू येईल. हरकत नाही. मागं नाव लिहायचं आणि ठेवून द्यायचं. दुसऱ्या महिन्यात घरातल्या वयस्क बाईला बसवायचं. तिसऱ्या महिन्यात वावर नाहीतर नदी. वर्षभरात गटाकडे गावाची एक चोपडी होईल, आपल्या माणसांची आणि आपल्या कामांची, आणि पुढं तुमच्या लेकी-नातींना भिंतीवरची बाई कोण हे विचारावं लागणार नाही.

तुमच्या गावचं काय काढलंत ते आम्हाला जरूर कळवा. येतो सख्यांनो, नमस्कार.